बेरीज करायची की वजाबाकी?

खेड्यातील कोणत्याही शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसा. फळ्यावर शाब्दिक गणित लिहून झाले की पहिल्या बाकावरून प्रश्न येतोच, "गुरुजी, यात बेरीज करायची की वजाबाकी?" हा प्रश्न आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ ऐकत आलो आहो. मुलगा हुशार असो वा मंद, शेतकऱ्याचा असो वा सुताराचा, प्रश्न तोच. गणितात काय सांगितले आहे हे तो विचारीत नाही. आकडे कोणत्या घाण्यात घालायचे एवढेच त्यास हवे असते. गुरुजींनी "वजाबाकी" म्हटले की पोर खाली मान घालून वजाबाकी करते, उत्तर बरोबर येते, गुरुजी खूश, पालक खूश, आणि मूल होते तिथेच राहते.

ही गोष्ट केवळ आमच्या मुलखाची नाही. फ्रान्स देशात ग्रनोबल येथे १९८० च्या सुमारास तेथील गणित शिक्षकांनी लहान मुलांस एक गणित घातले. एका जहाजावर २६ मेंढ्या व १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? मुले होती ९७. त्यांपैकी ७६ जणांनी काही ना काही करून वय काढून दिले! पुष्कळांचे उत्तर ३६. मेंढ्या-बकऱ्यांच्या संख्येवरून माणसाचे वय निघत नाही हे त्या मुलांस काय ठाऊक नव्हते? घरी विचारले असते तर ती पोट धरून हसली असती. पण शाळेत घातलेल्या गणितास उत्तर असतेच, आणि दिलेल्या आकड्यांची काहीतरी उलथापालथ केली की ते निघते, हे त्यांस शाळेनेच शिकविले होते. आम्ही हेच गणित जहाजाच्या जागी धनगराचा वाडा घालून आमच्या वर्गात दिले. धनगराचे वय ३६ निघाले हे सांगावयास नकोच. एका मुलीने तेवढे विचारले की, "गुरुजी, धनगराचं वय त्याच्या बकऱ्यांवर कसं कळंल?" त्या मुलीस वर्गातील बाकीची मुले हसली. हसण्याजोगे कोण होते, हे वाचकांनीच ठरवावे.

असे का होते? आमची मुले निर्बुद्ध आहेत म्हणून नव्हे. त्यांस एकाच साच्याची गणिते घातली जातात म्हणून. धड्याचे नाव 'बेरीज', खाली दहा गणिते, दहाही बेरजेची. पुढचा धडा 'वजाबाकी', तेथे दहाही वजाबाकीची. मग गणित वाचावयाचे तरी कशाला? आकडे उचलावे व धड्याच्या नावाप्रमाणे करावे. बाजारात मिळणारी मार्गदर्शके तर याहून पुढची. तीत 'प्रकार १', 'प्रकार २' अशी गणिते छापतात आणि प्रत्येक प्रकाराचा गुटका देतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी पोरे हे गुटके वर्षभर घोकतात. परीक्षेत प्रश्न जरा तिरका आला की घोकलेले सगळे आडवे पडते. ज्याने एकाच बैलाचा नांगर ओढलेला पाहिला त्यास मोट हाकावयास लावावे, तशी ही गत आहे.

२०२४ साली 'असर' या पाहणीत असे दिसले की देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी शंभरांत सुमारे ३१ मुलांसच साधा भागाकार येतो. हा आकडा लाज आणणारा आहेच. पण त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट २०२५ साली पुढे आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी विद्वानांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत भाजीपाला विकणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली. ही मुले अमुक भावाने इतके बटाटे, तमुक भावाने इतके कांदे, यांचे पैसे तोंडी झटकन सांगत, मोड परत देत, चूक करीत नसत. पण तेच गणित पाटीवर शाळेच्या रीतीने मांडून दिले की अडत. उलट शाळेत जाणारी मुले पाटीवरची गणिते सोडवीत, आणि बाजारचा सौदा पुढे ठेवला की त्यांचे काही चालत नसे. म्हणजे बाजारातील अक्कल शाळेत येत नाही आणि शाळेतील अक्कल बाजारात जात नाही. मध्ये भिंत आहे. ही भिंत देवाने घातलेली नाही, ती आपण बांधली आहे. तेव्हा ती आपणच पाडली पाहिजे.

आता थोडे मागे पाहू. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या शेजारी, चाळीसगावाजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजाच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापिला, असे त्यावरून कळते. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' रचली. या ग्रंथात गणितांचे प्रकार पाहिले तर मौज वाटते. खड्डा खणण्याचे गणित निराळे, विटांच्या रचाईचे निराळे, लाकूड करवतीने कापण्याचे निराळे, व्याजाचे निराळे, सावलीवरून उंची काढण्याचे निराळे, आणि धान्याच्या राशीचे निराळे! खणणारा कोण? वीट रचणारा कोण? करवत ओढणारा कोण? रास घालणारा कोण? ही सारी गणिते कुणबी, सुतार, गवंडी यांच्या घामातून निघालेली. पण ग्रंथ संस्कृतात, आणि संस्कृताचे दार ज्यांच्या घामाची ही गणिते त्यांस शेकडो वर्षे बंद. राशीचे गणित पोथीत राहिले आणि रास घालणारा खळ्यात राहिला. पुराणातली वांगी पुराणातच राहिली, असे म्हणावयाचे ते हेच.

राशीचा तो नियम आज आमच्या मुलांस सांगावयास काय हरकत आहे? सपाट जमिनीवर घातलेल्या राशीचा घेर मोजावा, त्यास ६ ने भागावे, आलेली संख्या तिनेच गुणावी, आणि त्यास राशीच्या उंचीने गुणावे. उंची मोजता आली नाही तर कुसळाच्या धान्याची उंची घेराच्या नवव्या हिश्शाइतकी धरावी. गव्हाच्या राशीचा घेर १८ फूट भरला तर उंची २ फूट. १८ भागिले ६ म्हणजे ३. ३ त्रिक ९. ९ दुणे १८. रास अदमासे १८ घनफूट. आजच्या बारीक हिशेबाने ती १७ घनफुटांहून किंचित अधिक येते. म्हणजे दोरीचा एक तुकडा आणि तीन ओळींचा हिशेब एवढ्यावर आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस खऱ्याच्या इतका जवळ जात होता. उरलेला फरक का पडला हे सातवी-आठवीच्या मुलांस शोधावयास लावा. त्यांस कळेल की येथे वर्तुळाचा घेर व्यासाच्या तिप्पट धरला आहे, आणि खरा तो तिपटीहून थोडा जास्त असतो. हे गणित पुस्तकातील दहा गणितांच्या बरोबरीचे आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यात रयतेच्या मुलांच्या शिक्षणात हिशेबास स्थान मागितले, त्याबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण व शेतीचे ज्ञानही मागितले. शिक्षक कसा हवा, तर वेळप्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्याला लाज वाटणार नाही असा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. वाकस हाती धरणाऱ्या शिक्षकास गणिताचे प्रकार शोधीत हिंडावे लागत नाही. गावात ते जागोजाग पडले आहेत. त्यांतील काही आम्ही येथे मांडतो. वाचकांनी रात्री जेवणे झाल्यावर आपल्या मुलांमुलींपुढे ते ठेवून पाहावे.

पहिला प्रकार, नको असलेल्या माहितीचा. कांद्याची पट्टी घरी येते. तीवर तारीख असते, गाडीचा नंबर असतो, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळे असते. समजा भरलेली गाडी ३,४७० किलो, रिकामी १,७५० किलो, आणि भाव क्विंटलला १,४५० रुपये. मुलास फक्त एवढेच विचारा की मालाचे पैसे किती झाले. कोणता आकडा घ्यावयाचा आणि कोणता सोडावयाचा हे त्यानेच ठरवावे. माल निघतो १,७२० किलो, म्हणजे १७ क्विंटल २० किलो, आणि रक्कम २४,९४० रुपये. आता आमच्या वर्गातील अनुभव सांगतो. १७ क्विंटल २० किलो हे दशांशात लिहा म्हटले की कोणी १७.२ लिहितो आणि कोणी १७.०२. दशांश चिन्हापुढील एका शून्याने काय बिघडते, असे मुलांस वाटते. मग आम्ही म्हणतो, दोन्ही पट्ट्यांचे पैसे काढा. दोहोंत २६१ रुपयांचा फरक पडतो. २६१ रुपयांचे शून्य पाहिल्यावर दशांशाचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

दुसरा प्रकार, मनास जे सरळ वाटते ते खोटे ठरणारा. उन्हाळ कांदा ८० क्विंटल झाला. आज भाव १,२०० रुपये. विकावा की चाळीत ठेवावा? ठेवला तर सड व घट होऊन चार महिन्यांनी चौथा हिस्सा गेला असे धरू. मग किती भाव मिळाला म्हणजे निदान आजच्याइतके पैसे होतील? पुष्कळ मोठी माणसेही चटकन सांगतात की पाव हिस्सा माल गेला, तर पाव हिस्सा भाव चढला की झाले, म्हणजे १,५००. करून पाहा. आज विकला तर ९६,००० रुपये. चाळीत उरला ६० क्विंटल. १,५०० ने त्याचे ९०,००० होतात. सहा हजारांची खोट! बरोबरीस येण्यास १,६०० भाव पाहिजे, म्हणजे पाव नव्हे, तिसरा हिस्सा चढला पाहिजे. गेला तो ऐंशीचा पाव, पण चढावयाचे ते उरलेल्या साठांवर, हे ज्या मुलास एकदा उमगले त्यास शेकडेवारीत कोणी फसवू शकणार नाही. मग ते दुकानातील 'सूट' असो की कर्जाचे व्याज असो.

तिसरा प्रकार, अपुऱ्या माहितीचा. विहिरीवरील मोटार तासाला १०,००० लिटर पाणी काढते, तर शेत भरावयास किती तास लागतील? याचे उत्तर देणारा मुलगा नापास, आणि "शेत केवढं? पीक कोणतं? पाणी सरीनं द्यायचं की ठिबकनं?" असे विचारणारा पास. संसारातील बहुतेक गणिते अशीच अपुरी येतात. कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी "यात काय लिहायचे राहिले आहे?" असे विचारण्याची सवय ज्या घरात असती त्या घरच्या कितीतरी जमिनी सावकाराच्या घशातून वाचल्या असत्या.

चौथा प्रकार, अनेक उत्तरांचा. ४० मीटर जाळी आहे. बकऱ्यांसाठी चौकोनी वाडगे करावयाचे आहे. १५ लांब व ५ रुंद केले तर जागा ७५ चौरस मीटर. १२ व ८ केले तर ९६. १० व १० केले तर १००. जाळी तीच, जागा निराळी! मग एखादी चलाख पोर म्हणते, "गुरुजी, घराच्या भिंतीला लावून केलं तर?" तीन बाजूंसच जाळी लागली. १०, २० व १० अशी लावली की जागा २०० चौरस मीटर. पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरात हे सापडणार नाही. भिंतीचा आधार घेण्याची युक्ती त्या पोरीच्या डोक्यातून निघाली, आणि तिला ती जन्मभर पुरेल.

पाचवा प्रकार, 'का' विचारण्याचा. गवंडी पाया आखताना दोरीने ३ फूट, ४ फूट व ५ फूट मोजतो आणि कोपरा गुण्यात घेतो. त्यास विचारले तर म्हणेल, आमच्या बापजाद्यापासून असेच आहे. मुलांस विचारा, ६, ८ व १० घेतले तर चालेल का? ५, १२ व १३ घेतले तर? ४, ५ व ६ घेतले तर? पहिली दोन चालतात, तिसरे चालत नाही. का चालत नाही, हे अंगणात काटक्या मांडून मुलांनी शोधावे. गवंड्याच्या मुलास त्या दिवशी आपल्या बापाच्या हातात केवढी विद्या आहे हे कळते. बापाच्या धंद्याची त्याला वाटणारी लाज जाते, हा लाभ परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही.

येथवर वाचून कित्येक लोक म्हणतील, "वा! शेतकऱ्याच्या पोराला कांद्याचे गणित, गवंड्याच्या पोराला पायाचे गणित, हेच खरे शिक्षण!" थांबा. येथेच मोठा खड्डा आहे, आणि त्यात पडू नये म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला. कुणब्याच्या पोरास हिशेबापुरते शिकवा, बाकीची विद्या त्याच्या काय कामाची, असे म्हणणारे शहाणे एकोणिसाव्या शतकात होते आणि आजही गोड भाषेत तेच बोलणारे आहेत. उपयोगाचे तेवढेच आम्हास, आणि बुद्धीचा खेळ दुसऱ्यांस, ही वाटणी आम्हास मान्य नाही. कांद्याचे गणित आम्ही घातले ते मुलास कांद्याशी बांधून ठेवण्यासाठी नव्हे. दार उघडण्यास घरातील किल्ली जवळची पडते एवढ्यासाठी. दार उघडल्यावर पलीकडचा सारा मुलूख त्याचा आहे.

म्हणून सहावा प्रकार सांगतो. तो ज्याचा काही म्हणजे काही उपयोग नाही असा! याचा आचार्य आमच्याच जिल्ह्यात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. कोणत्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते की पदव्युत्तर पदवीचे धनी नव्हते. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. आपल्याकडील कित्येक विद्वानांनी त्यास पोरखेळ म्हटले. पण १९४९ साली त्यांनी जो शोध पुढे मांडला त्याने त्यांचे नाव पृथ्वीच्या पाठीवर गेले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे आपल्या लोकांचे डोळे उघडले. १९८६ साली ते वारले.

तो शोध असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. चढत्या क्रमाने मांडा, २३४५. वजा करा, ३०८७. आता याचेच पुन्हा करा. ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ चे केले तर पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येने आरंभ करा, फार तर सात वेळांत तुम्ही ६१७४ या मुक्कामास येताच. कापरेकरांनी हा शोध ज्या साली मांडला तो १९४९ हाच आकडा घेऊन पाहा. त्यास पुऱ्या सात पायऱ्या लागतात. हाताने करा, म्हणजे पटेल.

आमच्या शाळेत हे घातले त्या दिवशी पोरे मधल्या सुटीत बाहेर गेली नाहीत. प्रत्येकास आपल्या जन्माचे साल घालून पाहावयाचे होते. हातचे घेऊन करावयाची वजाबाकी, जिच्या नावाने मुलांस ताप येतो, ती एकेकाने वीस-वीस वेळा केली. पाढे आणि वजाबाक्या यांचा सराव व्हावा म्हणून जे पालक आग्रह धरतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सराव असाही होतो आणि छडीवाचून होतो. मग एकाने विचारले, "तीन अंकी घेतलं तर?" आम्ही म्हटले, करून पाहा. ३५२ वरून निघाले, २९७ झाले, ६९३ झाले, ५९४ झाले आणि ४९५ वर येऊन बसले. दुसरीने पाहिले की मधल्या सगळ्या संख्यांस ९ ने भाग जातो. का जातो? त्या 'का'चे उत्तर शोधण्यात आठवडा गेला. कोणत्याही संख्येचे अंक इकडचे तिकडे केले तरी ९ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही, म्हणून वजाबाकीस ९ ने भाग जाणारच, हे त्यांनी अखेर आमच्या मदतीने शोधले. हे त्या मुलांचे स्वतःचे झाले. ते त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

कापरेकरांचा दुसरा खेळ याहून सोपा, तिसरी-चौथीच्या मुलांसही जमणारा. संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तीतच मिळवा. २१ घेतले तर २ आणि १ मिळून ३, म्हणून २१ पासून २४ जन्मले. २४ पासून ३०, ३० पासून ३३. आता उलट विचारा, २० हा कोणापासून जन्मला? शोधा, सापडणार नाही. त्यास कोणी जन्म दिला नाही. अशा संख्यांस कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले, आणि बाहेरच्या जगात त्यांस 'देवळाली संख्या' असेही म्हणतात. शंभराच्या आत अशा तेरा संख्या आहेत. त्या कोणत्या ते आम्ही सांगत नाही. घरोघरीच्या मुलांनी शोधाव्या. ज्या देवळालीवरून आमची पोरे आगगाडीने जातात तिच्या नावाच्या संख्या जगाच्या गणितात आहेत, हे त्यांस कोणीतरी सांगितले पाहिजे की नको?

आता आक्षेप. पहिला असा, की "आधी पाढे येऊ द्या, मग हे चोचले." पाढे यावेत हे आम्हासही मान्य. आमच्या आजोबांच्या पिढीस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी मुखोद्गत असत, आणि आणे-पै व मण-शेर यांच्या काळात त्यांवाचून बाजार करता येत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि त्या पाढ्यांची गरज ओसरली. म्हणजे पाढेदेखील व्यवहारातूनच जन्मले व व्यवहाराबरोबरच बदलले. पाढे हे हत्यार आहे. पण सुताराने पोरास वर्षभर पटाशीला धारच लावावयास बसविले आणि लाकडास हात लावू दिला नाही, तर सुतार होईल काय? धार लावणे व लाकूड तासणे बरोबरीनेच चालावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. एक गणित घेऊन गुरुजी आठवडा काढतात, मग पुस्तक कधी संपणार? हे गाऱ्हाणे आमच्यापुढे अनेकदा आले आहे. एके ठिकाणी तर वरून तपासणीस आलेल्या साहेबांनी वह्यांची भरलेली पाने मोजली आणि आतील गणित पाहिलेच नाही. आमचे उत्तर एवढेच, की सगळे तास असे घ्या असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एक तास, एक गणित, ज्याचा प्रकार मुलांस आधी सांगितलेला नाही असे. उरलेले दिवस पुस्तक चालू द्या. आणि धड्यातील गणितेही कधी मिसळून द्या. चार बेरजेची, तीन भागाकाराची, एक ज्यास उत्तरच नाही असे. यास पैसा लागत नाही की परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. परीक्षेत गुटके चालतात हे खरे. पण गुटक्यांवर चालणारा मुलगा जेथे गुटका संपतो तेथे उभा राहतो. शहरातील सधन घरची मुले दोन-दोन शिकवण्या लावून नवे गुटके विकत घेतील. ती शर्यत पैशाची आहे आणि तीत आमची मुले हरणार. विचार करण्याची शर्यत मात्र पैशावर जिंकता येत नाही. आमच्या मुलांनी उतरावे ते त्या शर्यतीत.

शेवटी घरच्या माणसांस चार शब्द. नाना, अण्णा, आप्पा, तुम्ही शिकला नाहीत म्हणून गप्प बसू नका. बाजाराची पट्टी घरी आली की ती खुंटीस अडकवण्यापूर्वी पोरांपुढे टाका. पोरीसही बसवा. "तिला काय करायचंय हिशेबाचं?" असे म्हणू नका. बचत गटाचे खाते बहुतेक गावांत बायाच चालवितात, हे डोळ्यांनी पाहता ना? मावशी, काकू, तुम्ही चुलीशी भाकरी थापताना आठ माणसांस किती पीठ लागेल याचा जो अदमास बांधता, तोही गणिताचा एक प्रकार आहे. पोरास विचारा, पाहुणे पाच आले तर किती घेऊ? आणि पोराने उत्तर सांगितले की ते बरोबर की चूक हे लगेच सांगू नका. एवढेच विचारा, "कशावरून?" हा प्रश्न विचारावयास अक्षरओळख लागत नाही. सत्यशोधकांनी गावोगाव हाच प्रश्न विचारला होता. पोथीतील प्रत्येक गोष्टीस त्यांनी "कशावरून?" म्हटले, म्हणून आज आपली पोरे शाळेच्या बाकावर बसली आहेत. त्या बाकावर बसून ती जर "बेरीज करायची की वजाबाकी?" एवढेच विचारीत राहिली, तर भटाच्या जागी मार्गदर्शक पुस्तक आले एवढाच काय तो फरक झाला म्हणावयाचा.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींस आमची विनंती आहे की प्रत्येकाने आपल्या गावच्या धंद्यांतून एक आणि निव्वळ बुद्धीच्या खेळाचे एक, अशी दोन गणिते दर आठवड्यास लिहून ठेवावी. येवल्याच्या शिक्षकास पैठणीच्या काठावरील नक्षीत, मालेगावच्या शिक्षकास मागाच्या फेऱ्यांत, निफाडच्या शिक्षकास द्राक्षाच्या ओळींत ती सापडतील. वर्षाअखेर शंभरावर गणिते गावची म्हणून उभी राहतील. ती एकमेकांस द्यावी. आणि ज्या दिवशी वर्गातील एखादे पोर फळ्याकडे पाहून म्हणेल, "गुरुजी, हे गणितच चुकीचं घातलंय," त्या दिवशी त्यास खाली बसवू नका. पुढे बोलवा, खडू त्याच्या हाती द्या, आणि काय चुकले ते साऱ्या वर्गास समजावून सांगावयास लावा.